दरबारात न आलेला ड्यूक : हेन्री ‘सिंह’ आणि सम्राट बार्बारोसा, ११७४ ते ११८१

१३ एप्रिल ११८० रोजी गेल्नहाउझेनच्या दरबारात सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाने एक सनद दिली. सॅक्सनी आणि बव्हेरिया या दोन मोठ्या प्रांतांचा ड्यूक हेन्री याच्याकडून सगळ्या जहागिरी का काढून घेतल्या, याची कारणं तिच्यात लिहिली आहेत. त्याने चर्चच्या आणि उमरावांच्या जमिनी बळकावल्या. त्यांनी फिर्याद केली. ड्यूकला बोलावणं गेलं, तो आला नाही. पुन्हा रीतसर तीनदा पुकारा झाला, तरी आला नाही आणि आपल्या वतीने उत्तर द्यायला त्याने कुणाला पाठवलंही नाही.

या प्रकरणाची जी गोष्ट सगळीकडे सांगितली जाते ती मात्र वेगळी आहे. इटलीतल्या युद्धात अडचणीत आलेला सम्राट आल्प्सच्या पायथ्याशी किआवेनाला आपल्या मांडलिकापुढे गुडघे टेकतो, ‘फौज घेऊन ये’ म्हणून विनवतो आणि मांडलिक नाही म्हणतो. चार वर्षांनी सम्राट त्याचा सूड घेतो. गोष्ट जोरदार आहे, पण सनदेत त्या गुडघ्यांबद्दल एक अक्षर नाही.

हे प्रकरण मी अभ्यासाला घेतलं ते या फरकामुळे. मांडलिकाचं कर्तव्य म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे तलवार येते. हेन्रीला बुडवलं ते हजेरीच्या कर्तव्याने.

## मांडलिकाने काय द्यायचं असे

जहागीर घेणारा माणूस धन्यापुढे गुडघ्यावर बसे, दोन्ही हात जोडून धन्याच्या हातांत देई आणि ‘मी तुमचा माणूस झालो’ असं म्हणे. मग निष्ठेची शपथ. बदल्यात जमीन, तिचं उत्पन्न आणि धन्याचं संरक्षण. हे संरक्षण विसरून चालणार नाही, कारण करार दुतर्फा होता आणि या प्रकरणाचा निकाल शेवटी त्याच बाजूने फिरला.

आपण या व्यवस्थेला सरंजामशाही म्हणतो. शब्द मराठेशाहीतल्या सरंजामावरून आला आहे आणि फौज बाळगण्यासाठी तोडून दिलेलं उत्पन्न हा अर्थ इथेही लागू पडतो. पण हात हातात देऊन ‘तुमचा माणूस’ होण्याचा जो जातीनिशी विधी युरोपात होता, तो त्या मराठी शब्दात येत नाही. म्हणून या लेखात मी जहागीर, मांडलिक आणि धनी हे साधे शब्द वापरतो.

मांडलिकाची कर्तव्यं लॅटिनमध्ये दोन शब्दांत सांगत : ‘ऑक्झिलियम’ आणि ‘कॉन्सिलियम’, म्हणजे साहाय्य आणि सल्ला. शार्त्रचा बिशप फुल्बर्ट याने १०२० मध्ये आक्विटेनच्या ड्यूकला लिहिलेल्या पत्रात हेच आहे : धन्याचं नुकसान करायचं नाही एवढं पुरेसं नाही, त्याला साहाय्य आणि सल्लाही द्यायचा, तेव्हा जहागिरीला पात्र.

साहाय्य म्हणजे मुख्यतः लढाई. सल्ला हा शब्द मात्र आज फसवतो. त्याचा अर्थ मत देणं एवढाच नव्हता. धन्याने बोलावलं की दरबारात हजर व्हायचं, इतरांच्या कज्ज्यांत न्यायासनावर बसायचं, आणि आपल्याविरुद्ध फिर्याद असेल तर तिथेच उभं राहून उत्तर द्यायचं, हे सगळं त्यात येई.

जर्मन सम्राटाच्या बाबतीत साहाय्याला एक मोठी खास जबाबदारी जोडलेली होती : आल्प्स ओलांडून इटलीत जाणं. राज्याभिषेक रोमला पोपच्या हातून व्हायचा, आणि उत्तर इटलीतली श्रीमंत शहरं सम्राटाचा हक्क सुखासुखी मानत नसत. ११५४ मध्ये फ्रेडरिक पहिल्यांदा इटलीत उतरला तेव्हा पो नदीकाठच्या रॉंकाल्याच्या मैदानात छावणी पडली. उंच खांबावर ढाल टांगली आणि जहागिरदारांना पुकारून रात्रीच्या पहाऱ्याला बोलावलं. जो पुकाऱ्याला हजर नाही त्याची जहागीर गेली. त्या वेळी ब्रेमेनचा आर्चबिशप हार्टविग आणि हाल्बरश्टाटचा बिशप उलरिश हे दोघे आले नव्हते. दोघांकडूनही सम्राटाकडून मिळालेले हक्क काढून घेतले गेले. उलरिश हे नाव लक्षात ठेवा.

११५८ मध्ये त्याच रॉंकाल्यात नियम लेखी झाला. मोहीम जाहीर होऊन धन्याने बोलावल्यावर योग्य मुदतीत स्वतः यायचं, नाहीतर धन्याला पसंत पडेल असा बदली माणूस पाठवायचा, तेही नाही तर जहागिरीच्या एका वर्षाच्या उत्पन्नाचा अर्धा भाग भरायचा. यातलं काहीच केलं नाही तर जहागीर जप्त. म्हणजे न जाण्याची वाट कायद्यातच होती, फक्त तिची किंमत होती. पुढच्या शतकात लिहिल्या गेलेल्या ‘सॅक्सन आरसा’ या कायदेग्रंथात तपशील आणखी बारीक आहेत : सहा आठवडे स्वखर्चाने चाकरी, आणि रोमच्या स्वारीची सूचना एक वर्ष, सहा आठवडे आणि तीन दिवस आधी, म्हणजे ४१० दिवस.

कर्तव्यावर घासाघीसही होई. ११५६ मध्ये ऑस्ट्रियाची नवी डची, म्हणजे ड्यूकचा मुलूख, तयार झाली तेव्हा तिच्या ड्यूकने लिहून घेतलं की दरबाराला बोलावलं तर फक्त बव्हेरियात येईन, आणि मोहिमेला फक्त ऑस्ट्रियाच्या शेजारच्या मुलखात जाईन. हेन्रीने असं काही लिहून घेतलं नव्हतं. त्याला गरजही वाटली नसेल. सम्राट त्याच्या घरातला होता.

## नातं

फ्रेडरिकची आई यूडिथ ही हेन्रीच्या वडलांची सख्खी बहीण. म्हणजे हेन्री हा सम्राटाचा मामेभाऊ. ११५२ मध्ये फ्रेडरिक राजा निवडला गेला त्यामागे हेही एक कारण होतं की वडलांचं श्टाउफर आणि आईचं वेल्फ (हेन्रीचंही तेच) या दोन वैरी घराण्यांचं रक्त त्याच्यात एकत्र आलं होतं. भांडण मिटवणारा माणूस म्हणून त्याच्याकडे पाहिलं गेलं.

पहिली वीस वर्षं दोघांनी एकमेकांना भरभरून दिलं. ११५५ मध्ये रोमला राज्याभिषेकाच्या दिवशी शहरात दंगल उसळली तेव्हा हेन्री आणि त्याचे सॅक्सन सम्राटासाठी लढले. पुढल्या वर्षी फ्रेडरिकने त्याला बव्हेरिया परत मिळवून दिलं. ११५९ ते ११६१ च्या लोंबार्डी मोहिमांतही हेन्री फौजेसह गेला. तो नुसता लढवय्या नव्हता. म्युनिकच्या बाजारपेठेचा पाया ११५८ मध्ये त्यानेच घातला आणि ल्यूबेक ११५९ मध्ये नव्याने वसवलं. ब्राउनश्वाइगच्या त्याच्या किल्ल्यासमोर ब्राँझचा सिंह उभा राहिला. ११६८ मध्ये इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री याची मुलगी माटिल्डा त्याची बायको झाली.

पण सॅक्सनीत तो शेजाऱ्यांच्या जमिनी गिळत होता. एखाद्या घराण्यात वारस उरला नाही की त्यांची मालमत्ता ड्यूककडे जाई, कधी कायद्याने, कधी जबरदस्तीने. ११६६ पासून चार वर्षं तिथल्या सरदारांनी आणि बिशपांनी त्याच्याविरुद्ध आघाडी उघडली. प्रत्येक वेळी सम्राटाने मध्ये पडून मामेभावाला सांभाळून घेतलं. माझ्या मते पुढचं सगळं समजायला ही चार वर्षं किआवेनापेक्षा महत्त्वाची आहेत. हेन्रीची ताकद त्याच्या किल्ल्यांत जेवढी होती तेवढीच सम्राटाच्या पाठिंब्यात होती, आणि हे त्याला दिसत नव्हतं.

## पेच

११७४ च्या शरदात फ्रेडरिक पाचव्यांदा इटलीत उतरला. लोंबार्ड शहरांचा संघ विरोधात होता. पोप तिसरा अलेक्झांडर हाही विरोधात होता, आणि त्याच्या नावाने वसवलेल्या अलेस्सांद्रिया गावाचा वेढा हिवाळाभर रेंगाळून ११७५ च्या एप्रिलमध्ये उठवावा लागला. तहाची बोलणी फिसकटली. फौजेतले बरेच लोक घरी परतले होते. सम्राटाला ताज्या कुमकीची निकड होती, आणि ती देऊ शकेल असा सगळ्यात मोठा माणूस उत्तरेला होता.

११७६ च्या सुरुवातीला दोघे भेटले, बहुधा कोमो सरोवराच्या वर, खिंडींच्या तोंडाशी असलेल्या किआवेनाला. तिथे काय झालं याची जी वर्णनं आहेत ती हेन्रीच्या पतनानंतर लिहिलेली आहेत. म्हणून ती वाचताना लिहिणारा कोणाच्या बाजूचा, हे पाहावं लागतं.

ल्यूबेकच्या मठाचा प्रमुख आर्नोल्ड वेल्फांकडे झुकणारा. त्याच्या लिखाणात हेन्री म्हणतो की इतक्या मोहिमांनी मी थकलो आहे, सोनं-चांदी देतो, फौज उभारायला मदत करतो, पण जातीने येणं जमणार नाही. ब्लॅक फॉरेस्टमधला सेंट ब्लाझीनचा ओटो श्टाउफरांच्या बाजूचा. तो लिहितो की हेन्रीने फौजेच्या बदल्यात गोस्लार मागितलं, म्हणजे रामेल्सबर्गच्या चांदीच्या खाणींसकट सम्राटाचं ते संपन्न नगर, आणि सम्राटाने ते नाकारलं.

या दोन वर्णनांतला फरक कायद्याच्या डोळ्यांनी पाहिला तर मोठा आहे. आर्नोल्डचं खरं असेल तर हेन्री ११५८ च्या नियमाच्या आतच होता : स्वतः नको, पैसा घ्या. ओटोचं खरं असेल तर त्याने धन्याची अडचण पाहून कर्तव्याचा सौदा केला. आणि दोन्हींत सम्राटाने गुडघे टेकल्याचा प्रसंग खरा मानला, तर त्याचाही एक अर्थ निघतो. ज्याला हुकूम देता येतो तो गुडघे टेकत नाही. ही नव्याने जाहीर केलेली, मुदत दिलेली मोहीम नव्हती, चालू युद्धात मागितलेली जादा कुमक होती. फ्रेडरिक हक्क बजावत नव्हता, उपकार मागत होता.

## हेन्रीपुढचे पर्याय

स्वतः जाणं. वय चाळिशीच्या पुढे, सॅक्सनीत टपून बसलेले शत्रू, आणि लोंबार्डीत जिंकून त्याच्या पदरात पडण्यासारखं काही नाही. वीस वर्षांत तो पूर्वेकडे, एल्बेपलीकडे वाढला होता, इटलीत त्याचं काहीच नव्हतं.

काही घोडेस्वार आणि थोडी रोकड पाठवणं. हा सगळ्यात स्वस्त पर्याय होता. नियमाने तोंड बंद झालं असतं आणि नातं टिकलं असतं.

गोस्लार मागणं. यात मिळालं तर घबाड होतं. पण एकदा मागितलं की नकाराचं रूप बदलतं. ‘जमत नाही’ म्हणणारा आप्त आणि ‘किती देतोस’ म्हणणारा आप्त यांच्यात फार फरक आहे, हे कोणत्याही भाऊबंदकीत बसलेल्या माणसाला सांगावं लागत नाही.

सरळ नकार. कायद्याने बहुतेक सुरक्षित, पण फक्त कायद्याने.

तो गोस्लारवर अडला आणि हात हलवत परतला, असं धरलं तर त्याचा हिशोब समजतो. त्याला वाटलं, सम्राटाला माझी गरज आहे, मला त्याची नाही. सम्राटाच्या छत्राशिवाय सॅक्सनीतल्या शत्रूंसमोर आपण कसे उभे राहू, हा प्रश्न त्याने त्या दिवशी विचारलेला दिसत नाही.

अशीच चूक तो घरातही करत होता. त्याचे काका, फ्रेडरिकचे मामा, सहावे वेल्फ यांचा एकुलता मुलगा ११६७ मध्ये इटलीतल्या साथीत गेला. म्हाताऱ्याने पैशांच्या बदल्यात आपली जमीन पुतण्याच्या नावे करायचं ठरवलं. हेन्रीने रक्कम दिलीच नाही, बहुधा काका आज ना उद्या जाणारच या विचाराने. काकांनी वारसा भाच्याला, म्हणजे सम्राटाला, विकला. ते ११९१ पर्यंत जगले.

## लेन्यानो आणि व्हेनिस

२९ मे ११७६ रोजी मिलानजवळ लेन्यानोला लोंबार्ड पायदळाने सम्राटाच्या स्वारांना मोडलं. फ्रेडरिक मेला अशी आवई उठली. काही दिवसांनी तो पाविआत प्रकटला. त्या लढाईत त्याच्यासाठी उत्तरेतून माणसं घेऊन आलेल्यांत कोलोनचा आर्चबिशप फिलिप होता. जो आला, त्याला पुढे काय मिळालं ते आपण पाहूच.

पराभवानंतर फ्रेडरिकने जे केलं ते मला त्याच्या कारकिर्दीतलं सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. त्याने पोपशी समेट केला. जुलै ११७७ मध्ये व्हेनिसला संत मार्कच्या चर्चसमोर दोघे भेटले, लोंबार्डांशी सहा वर्षांचा आणि सिसिलीशी पंधरा वर्षांचा तह झाला. समेटात एक छोटी अट होती. पोपची बाजू घेतली म्हणून ११६० मध्ये ज्याला पदावरून काढलं होतं, त्या हाल्बरश्टाटच्या बिशप उलरिशला त्याची गादी परत द्यायची.

तोच उलरिश. तो परत आला आणि आल्याबरोबर त्याने आपल्या चर्चच्या ज्या जमिनी हेन्रीकडे होत्या त्या मागितल्या. हेन्रीने नाही म्हटलं. फिलिप उलरिशच्या मदतीला धावला आणि ११७८ मध्ये वेस्टफालिया जाळत वेझर नदीपर्यंत आला.

## फ्रेडरिकपुढचे पर्याय

११७८ च्या नोव्हेंबरात श्पायरला सम्राटापुढे दोन्ही पक्ष उभे राहिले. तक्रार घेऊन आधी हेन्रीच आला होता, फिलिपने आपला मुलूख उद्ध्वस्त केला म्हणून. फिलिपने उलट फिर्याद केली.

फ्रेडरिक दहा वर्षांपूर्वीसारखा मध्ये पडू शकला असता. दोघांना दटावून, काही जमिनी इकडून तिकडे देऊन, मामेभावाला वाचवून. नाहीतर किआवेनाचा राग काढून तिथेच त्याच्यावर धावून जाऊ शकला असता, पण तेव्हा इतर सरदार बिचकले असते : आज त्याची जहागीर, उद्या आपली.

त्याने तिसरी वाट धरली. फिर्याद दाखल करून घेतली आणि तारीख दिली. इतकंच. जी ढाल तो वीस वर्षं हेन्रीपुढे धरत आला होता ती त्याने खाली ठेवली. पुढचं काम सरदारांनी आणि कायद्याने केलं.

## पुकारे

जानेवारी ११७९, वर्म्स. हेन्री आला नाही.

जून ११७९, माग्डेबुर्ग. पुन्हा आला नाही. इथे लुसाटियाचा मार्ग्रेव्ह, म्हणजे सीमेवरच्या मुलखाचा सरदार, डीट्रिश याने त्याच्यावर साम्राज्यद्रोहाचा आरोप केला आणि द्वंद्वयुद्धाचं आव्हान दिलं. दरबारानंतर जवळच हाल्डेन्सलेबेनला हेन्रीने सम्राटाची खाजगीत भेट मागितली आणि ती त्याला मिळाली. आर्नोल्ड सांगतो की सम्राटाने तोड सुचवली : ५,००० मार्क चांदी द्यायची, मग मी सरदारांशी बोलून त्यांची कृपा तुला परत मिळवून देतो. कोलोनच्या मार्क या वजनाने ही ११ क्विंटलहून जास्त चांदी होते. हेन्रीला रक्कम फार वाटली आणि तो उठून गेला.

ऑगस्ट ११७९, काय्ना. पुन्हा नाही.

न येण्यामागे त्याची बाजू होती. आपलं घराणं मूळचं श्वाबियातलं, म्हणून आपला निवाडा जन्मभूमीतच व्हावा, असं त्याचं म्हणणं होतं. दुसरं, न्यायाला बसणारे सरदार म्हणजे त्याचेच वैरी. हा मुद्दा मला पटतो. निकालाचा सगळ्यात मोठा लाभ फिलिपला झाला, आणि तोच मुख्य फिर्यादी होता. आजच्या न्यायाच्या कल्पनेत हे बसत नाही. पण त्या काळी बरोबरीच्यांनी बरोबरीच्याचा निवाडा करायचा हाच न्याय होता, आणि ते पक्षपाती आहेत हे सांगायलाही तिथे जाऊन उभं राहावं लागे.

दरम्यान २३ सप्टेंबर ११७९ रोजी हेन्रीच्या माणसांनी हाल्बरश्टाट जाळलं आणि बिशप उलरिशला कैद केलं. लढाईत तो जिंकत होता, आणि प्रत्येक विजयागणिक त्याच्याविरुद्धच्या फिर्यादीत एक कलम वाढत होतं.

## निकाल

जानेवारी ११८० मध्ये व्यूर्त्सबुर्गला सरदारांनी एकमताने सगळ्या जहागिरी काढून घेण्याचा निवाडा दिला. गेल्नहाउझेनच्या सनदेत दोन टप्पे स्पष्ट आहेत. आधी देशाच्या सर्वसाधारण कायद्याने : फिर्यादीला उत्तर द्यायला आला नाही म्हणून बहिष्कृत. मग जहागिरीच्या कायद्याने : तीन पुकारे होऊनही आला नाही, म्हणून सम्राटाच्या अवमानाबद्दल दोषी.

सॅक्सनीची दोन शकलं झाली. पश्चिमेकडची, वेस्टफालियाची डची कोलोनच्या फिलिपला मिळाली, उरलेली आनहाल्टच्या बेर्नहार्डला. सप्टेंबरमध्ये बव्हेरिया विटेल्सबाखच्या ओटोला गेलं. त्याच्या घराण्याने ते १९१८ पर्यंत, ७३८ वर्षं, सोडलं नाही.

फ्रेडरिकने स्वतःसाठी काही ठेवलं नाही, आणि इथे मला त्याच्या निर्णयाबद्दल शंका आहे. १२०२ मध्ये फ्रान्सचा राजा दुसरा फिलिप याने हीच पद्धत वापरली. इंग्लंडचा राजा जॉन हा फ्रान्समधल्या जमिनींसाठी त्याचा मांडलिक. पॅरिसच्या दरबारात बोलावलं, जॉन आला नाही, जहागिरी जप्त. पण फ्रेंच राजाने १२०४ पर्यंत नॉर्मंडी जिंकून आपल्याच खाती घातली. फ्रेडरिकला ते जमण्यासारखं नव्हतं, कारण निवाडा सरदारांनी दिला होता आणि ते मोबदल्याची वाट पाहत होते. त्यांच्याशिवाय हेन्री हटला नसता, आणि त्यांच्यामुळेच हटवून सम्राट श्रीमंत झाला नाही.

## शरणागती

११८० च्या उन्हाळ्यापासून शाही फौज सॅक्सनीत होती. हेन्रीचे स्वतःचे मांडलिक एकेक करून सम्राटाकडे गेले. ज्यांच्या निष्ठेवर तो टिकणार होता त्यांनाही दोन धनी होते, आणि मोठा धनी समोर येऊन उभा राहिला होता. इंग्लंडच्या सासऱ्याकडून फौज आली नाही. नोव्हेंबर ११८१ मध्ये एर्फुर्टला हेन्री सम्राटाच्या पायांवर लोळला. आर्नोल्ड लिहितो की फ्रेडरिकने त्याला उठवून चुंबन घेतलं आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते अश्रू कितपत खरे होते याची त्याला शंका आहे. दोन्ही डची गेल्या त्या गेल्याच. कुळाच्या मालकीच्या ब्राउनश्वाइग आणि ल्यूनेबुर्गच्या जमिनी राहिल्या, कारण त्या जहागिरी नव्हत्या. तीन वर्षांसाठी देश सोडायचा ठरलं. ११८२ मध्ये तो बायको-मुलांसह सासऱ्याच्या मुलखात गेला.

११८९ मध्ये फ्रेडरिक धर्मयुद्धाला निघाला, त्याच्या आधी हेन्रीला पुन्हा निवड दिली गेली : काही भाग परत घेऊन बाकीचा हक्क सोड, किंवा माझ्या खर्चाने माझ्याबरोबर चल, किंवा पुन्हा तीन वर्षं देशाबाहेर राहा. त्याने देश सोडणं निवडलं, आणि त्याच वर्षी शब्द मोडून परतही आला. ११९५ मध्ये तो ब्राउनश्वाइगला वारला.

## कुठे वेगळं करता आलं असतं

किआवेनाला थोडे स्वार आणि चांदी पाठवली असती तर लेन्यानोचा निकाल बदलला असता का, हे कुणी सांगू शकणार नाही. पण व्हेनिसनंतर सम्राटापुढे ‘संकटात धावून आलेला फिलिप’ आणि ‘न आलेला हेन्री’ अशी जी उघड तुलना उभी राहिली, ती इतकी बोचरी राहिली नसती.

श्पायर ही मला खरी कलाटणी वाटते. तिथे हेन्री स्वतः फिर्यादी होता. फिलिपने त्याचा मुलूख जाळला होता, बाजू निम्मी तरी त्याची होती. वर्म्सला तो आपल्या माणसांसह उभा राहिला असता तर प्रकरण दोन भांडणाऱ्या सरदारांचं राहिलं असतं. गैरहजर राहून त्याने ते सम्राट विरुद्ध मांडलिक असं करून टाकलं. उलरिशच्या जमिनींपैकी काही गेल्या असत्या, दोन डची नाही.

स्वतः जायची भीती होती तर प्रतिनिधी पाठवता आला असता. सनदेत ‘उत्तर द्यायला कुणालाही पाठवलं नाही’ हे मुद्दाम नोंदलं आहे, म्हणजे तेवढ्यानेही कायद्याची गाठ सैल झाली असती.

हाल्डेन्सलेबेनचे ५,००० मार्क ही शेवटची संधी होती, आणि ती नाकारणं हा मला सगळ्यात अनाकलनीय निर्णय वाटतो. ११५८ च्या नियमातही न येण्याची भरपाई पैशांत होतीच. सम्राट जणू किआवेनाची थकबाकीच मागत होता, व्याजासकट. ती भरली असती तर पुकाऱ्यांचा सिलसिला तिथेच थांबण्याची चांगली शक्यता होती.

फ्रेडरिकने काय वेगळं करायला हवं होतं? माझं उत्तर ११६६ चं आहे. सॅक्सन सरदार तक्रारी घेऊन आले तेव्हाच त्यांतल्या काही ऐकून हेन्रीला आवरलं असतं, तर बारा वर्षं साठलेलं वैर एका दमात बाहेर पडलं नसतं, आणि सॅक्सनीची वाटणी करायची वेळ आली नसती.

आर्नोल्डने नोंदलेला एक प्रसंग शेवटी सांगतो. ऑगस्ट ११८१ मध्ये सम्राटाने ल्यूबेकला वेढा घातला. शहर हेन्रीने वसवलेलं, नागरिक त्याचे. त्यांनी बिशपला सम्राटाच्या छावणीत पाठवून विनंती केली की हे शहर आम्ही ड्यूककडून धरलं आहे, तेव्हा तुमच्या हाती देण्याआधी त्याला विचारायची मुभा द्या. सम्राटाने दिली. बिशप श्टाडेला हेन्रीकडे गेला, कुमक येणार का ते विचारलं. येणार नव्हती. हेन्रीने त्यांना मोकळं केल्याचा निरोप आला, तेव्हा त्यांनी वेशी उघडल्या.